कोब्यात मुरलेला मूत्राचा दर्प कसा काढावा

आमच्याकडे १४ वर्षे राहिलेल्या कुत्रीचे शेवटचे ८ महिने मूत्रपिंडाच्या आजारात गेले. सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला आमचे जुने बैठे घर आहे. त्याच्या मागच्या खोलीत सिमेंटचा कोबा आहे आणि तिला बाहेर जाण्याचे त्राण उरले नाही तेव्हा तिचे अंथरूण आम्ही तेथेच घातले. ती गेल्यानंतर ती खोली आईसाठी तयार करायची होती, परंतु दार उघडताच येणारा उग्र दर्प काही केल्या जाईना. फिनेल, ब्लीच, चुना, लिंबू, धूप असे सगळे प्रयोग करण्यात आमचे ३ महिने गेले आणि त्यांतील काही प्रयोगांनी काम अधिकच अवघड करून ठेवले. ज्यांच्या घरी कुत्रे किंवा मांजर आहे, अथवा ज्यांनी अशा दर्पाची जुनी खोली भाड्याने किंवा विकत घेतली आहे, त्यांचे हे महिने वाचावेत म्हणून आम्हाला शेवटी उपयोगी पडलेली पद्धत क्रमाने लिहीत आहे.

१. दर्प कोठे बसला आहे ते आधी समजून घ्या

कोबा घोटून कितीही गुळगुळीत केलेला असला तरी त्याच्या आत सूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच रीतीने त्या छिद्रांत द्रव ओढला जातो, आणि एकाच जागी महिनोन्‌महिने मूत्र पडत राहिले की ते खोलवर तर जातेच, शिवाय वरून दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे चहूबाजूंनी पसरते. मूत्रातील यूरियाचे जिवाणूंकडून विघटन होऊन अमोनिया तयार होतो. नाकाला झोंबणारा वास त्याचा असतो. सिमेंट मुळातच अल्कधर्मी असल्यामुळे हा अमोनिया त्यातून अधिक सहज मोकळा होतो. इतर क्षार छिद्रांतच वाळून बसतात, आणि त्यांतील यूरिक आम्लाचे क्षार प्रमाणाने थोडे असले तरी पाण्यात फारच कमी विरघळतात. मांजराच्या, विशेषतः नसबंदी न केलेल्या बोक्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. त्याच्या विघटनातून निघणारा दर्प कुत्र्याच्या मूत्रापेक्षा कितीतरी चिवट असतो.

वाळलेले क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात आणि दर्प पुन्हा जागा होतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात खोली निर्गंध झाल्यासारखी वाटते व पहिल्या पावसाबरोबर भपकारा येतो, याचे कारण हेच. एप्रिल-मे महिन्यांत घर पाहून ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

यावरून पुढच्या सर्व कामाचे सूत्र निघते: मूत्र जेथवर मुरले आहे तेथवर औषध मुरले पाहिजे, आणि ते तेथे पुरेसा वेळ ओले राहिले पाहिजे. वरवर फिरवलेले फडके, मग त्यावर कितीही महागडे द्रावण असो, या कामाला पुरत नाही.

२. प्राणी अजून घरात असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा

बाहेर जाण्याची सवय असलेले कुत्रे एकाएकी घरात लघवी करू लागले, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. त्याला मारणे किंवा त्याचे नाक त्या जागी घासणे निरर्थक आणि क्रूर आहे. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसत असेल आणि थेंबभरही होत नसेल, तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर दवाखाना गाठावा. मूत्रमार्ग बंद झाल्यास त्याच्या जिवावर बेतते. वयात आलेले बोके आणि कुत्रे जागा राखण्यासाठी भिंतीवर फवारा मारत असतील, तर नसबंदीने हे प्रमाण पुष्कळदा कमी होते. कारण दूर न करता फरशी धुतली तर महिन्याभरात सर्व काम पुन्हा करावे लागेल.

३. या गोष्टी करू नका

फिनेल आणि सुगंधी द्रव्ये दर्पावर दुसरा वास चढवतात. मूत्र आत तसेच राहते. मांजर असलेल्या घरात तर काळे फिनेल आणूच नये, कारण त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही आणि पंजे चाटताना ती थेट पोटात जातात.

ब्लीचिंग पावडर किंवा द्रवरूप ब्लीच मूत्राच्या जागी ओतू नका. मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन वायू निघतो. माझ्या डोळ्यांना आणि घशाला झालेला त्रास २ दिवस राहिला होता. त्याच जागी नंतर ॲसिड टाकले तर याहून घातक असा क्लोरीन वायू बाहेर पडतो.

शौचालयासाठी मिळणारे ॲसिड वापरण्याचा सल्ला अनेक जण देतील. ते सिमेंट खाते, कोब्याचा घोटलेला थर उघडा पाडते आणि छिद्रे मोठी करते, म्हणजे पुढचे मूत्र अधिक खोल जाण्याची सोयच होते. आपल्याकडच्या जुन्या घरांतील शहाबादी फरशी तर चुनखडीचा दगड आहे; तिच्यावर ॲसिड पडताच फेस येतो, तो दगड विरघळत असल्याचा. लिंबू आणि व्हिनेगर सौम्य असले तरी शहाबादीची चकाकी घालवतात.

चुना पसरण्याचा उपाय आम्हाला शेजारच्या वडीलधाऱ्यांनी आपुलकीने सुचवला होता. परंतु चुना अल्कधर्मी असल्याने अडकलेला अमोनिया आणखी वेगाने सुटतो. त्या रात्री आम्हाला खोलीच्या जवळपासही झोपता आले नाही.

शेवटची गोष्ट, दर्प पूर्ण जाण्याआधी वरून रंग मारणे, टाइल बसवणे किंवा विनाइल अंथरणे टाळावे. आतला ओलावा वाट काढतोच, आणि मग तोडफोड दुप्पट होते.

४. साहित्य जमवा

पाळीव प्राण्यांच्या मूत्रासाठी असलेले एंझाइमयुक्त द्रावण हे यातील मुख्य साहित्य. पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन ते मिळते. मात्र बाटलीवर एंझाइमचा किंवा उपयुक्त जिवाणूंचा स्पष्ट उल्लेख आहे ना, हे वाचून घ्या, कारण अनेक बाटल्यांत केवळ सुगंध असतो. १ चौरस मीटर कोब्याला आम्हाला प्रत्येक खेपेस साधारण सव्वा लिटर द्रावण लागले, त्यावरून तुमचा अंदाज बांधता येईल. यांशिवाय पुढील वस्तू लागतील:

- अतिनील प्रकाशाची टॉर्च, शक्यतो ३६५ नॅनोमीटरची, आणि खडू
- सौम्य द्रवरूप साबण, नायलॉनच्या ताठ केसांचा ब्रश, वायपर, २ बादल्या
- जाड प्लॅस्टिकचा कागद आणि रुंद चिकटपट्टी
- जुने टेरी टॉवेल, ज्यांना सोलापूरच्या घरात सहसा तोटा नसतो
- रबरी हातमोजे, मास्क आणि जुनी चप्पल

कुत्र्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. हातापायांवर जखम असेल तर ती झाकल्याशिवाय ओल्या फरशीवर काम करू नये.

५. जागा शोधा आणि आखून घ्या

रात्री दिवे मालवून, खिडक्यांवर चादर टाकून, टॉर्च जमिनीपासून वीतभर अंतरावर धरून सावकाश फिरवा. वाळलेले मूत्र फिकट पिवळसर-हिरवट चमकते. कपडे धुण्याच्या पावडरचे अंशही चमकतात, पण त्यांची झाक निळसर-पांढरी असते. संशय आला तर त्या जागी नाक नेऊन खात्री करावी. हे सांगायला संकोच वाटतो, पण याहून अचूक साधन मला सापडले नाही.

प्रत्येक डागाभोवती खडूने रेघ ओढा आणि तिच्या बाहेर आणखी सुमारे १ फूट अंतरावर दुसरी रेघ ओढा. उपचार बाहेरच्या रेघेपर्यंत करायचा आहे. पहिल्या खेपेस आम्ही फक्त डागावर द्रावण ओतले आणि दर्प गोल कड्यासारखा बाजूने शिल्लक राहिला.

जमिनीचा उतार कोठे आहे तेही पाहा. आमच्या खोलीत मूत्र मोरीकडे वाहत गेले होते आणि सर्वांत मोठा साठा अंथरुणाच्या जागी नव्हता, तो ३ फूट दूर, भिंत आणि कोबा यांच्या सांध्यात होता. भिंतीचा खालचा गिलावा, दाराच्या लाकडी चौकटीचे पाय आणि उंबऱ्याखालची फट टॉर्चने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुत्रा पाय वर करून मुतत असेल, तर भिंत दीड-दोन फुटांपर्यंत पाहावी.

६. कोबा धुवा, पण पाण्यात बुडवू नका

सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे येथे नव्याने राहायला आलेल्यांनी कामाचा दिवस ठरवताना ध्यानात घ्यावे. धुण्याचे काम नळाच्या पाण्याच्या दिवशीच करा. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यात साबणाचा फेस होत नाही आणि वाळल्यावर कोब्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो.

कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून आखलेला भाग ब्रशने घासा आणि ते पाणी मुरण्याआधी वायपरने ओढून टॉवेलने टिपून घ्या. एका वेळी दोन-तीन चौरस फूट एवढाच भाग घ्यावा. बादल्याच्या बादल्या ओतल्या तर वरचा मळ पाण्याबरोबर अधिक खोल जातो. नंतर दोन वेळा साध्या पाण्याने पुसा. यापूर्वी तुम्ही फिनेल, ब्लीच किंवा जंतुनाशक वापरले असेल, तर हे पुसणे चार-पाच वेळा करावे लागेल, कारण त्यांचे अंश एंझाइम आणि जिवाणू यांना निकामी करतात. आमची पहिली एंझाइमची बाटली याच कारणाने वाया गेली, असे मला आता वाटते.

टिपलेले टॉवेल गरम पाण्यात वेगळे धुवा किंवा टाकून द्या.

७. एंझाइम द्रावण मुरवा

सर्वांत जास्त संयम येथे लागतो. एंझाइम मूत्रातील घटकांचे तुकडे करतात आणि हे काम ओल्या अवस्थेतच चालते. द्रावण वाळले की काम थांबते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा उघड्या कोब्यावर ओतलेले द्रावण पाऊण तासातही सुकून जाते. म्हणून सुरुवात संध्याकाळी करा, पंखा बंद ठेवा आणि पुढील क्रम पाळा.

धुतलेला कोबा हाताला किंचित ओलसर लागेल इतपत वाळू द्या. तो पाण्याने भरलेला असेल तर द्रावणाला आत शिरायला जागा उरत नाही. बाटलीवर पाणी मिसळण्याचे प्रमाण दिले असेल तेच पाळा आणि कढत पाणी कधीही वापरू नका, कारण जास्त उष्णतेने एंझाइम निकामी होतात. द्रावण तांब्याने सावकाश ओता. कोबा ते शोषून घेईल. १० मिनिटांनी पुन्हा ओता, आणि पृष्ठभागावर पातळ थर टिकून राहील तोवर हे करत राहा. आजवर तेथे मुरलेल्या मूत्राहून द्रावण कमी पडता कामा नये.

नंतर त्याच द्रावणात भिजवलेले टॉवेल त्या भागावर पसरा, वरून प्लॅस्टिकचा कागद घाला आणि कडा चिकटपट्टीने बंद करा. किमान १२ तास, जुन्या दर्पासाठी पूर्ण २४ तास ते तसेच राहू द्या. या काळात दर्प वाढल्यासारखा वाटतो. आत बसलेली द्रव्ये ओली होऊन सुटत असतात, त्यामुळे घाबरून मध्येच फिनेल ओतू नका. दार बंद ठेवा, बाहेरची खिडकी उघडी ठेवा आणि घरातल्यांना आधी कल्पना द्या.

कोबा आणि भिंत यांच्या सांध्यात द्रावण ओतले तर ते वाहून जाते. तेथे सुई काढलेल्या मोठ्या इंजेक्शनच्या सिरिंजने फटीत भरावे आणि वर भिजलेल्या टॉवेलची सुरळी दाबून ठेवावी. गिलाव्यासाठी भिजलेला टॉवेल भिंतीला लावून त्यावर प्लॅस्टिक चिकटवा. लाकडी चौकटीचा पाय काळा पडून मऊ झाला असेल, तर तो सुताराकडून कापून नवा जोड देणे हाच मार्ग आहे.

८. वाळवा आणि खरी परीक्षा घ्या

प्लॅस्टिक काढल्यावर टॉवेलने टिपा आणि कोबा आपोआप वाळू द्या. पंखा आणि उघड्या खिडक्या असल्या तरी आतून वाळायला दोन-तीन दिवस लागतात. त्याआधी दिलेला निर्णय चुकतो.

घरात सतत राहिल्यामुळे आपल्या नाकाला तो दर्प जाणवेनासा होतो, म्हणून अर्धा तास मोकळ्या हवेत फिरून या आणि मग खोलीत शिरा. किंवा घरी न राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला बोलवा. आमच्या मावशींनी दारातूनच डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवले आणि त्यांचे बरोबर निघाले. यानंतर कोब्यावर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा, दारे-खिडक्या २ तास बंद ठेवा आणि मग वास घ्या. पावसाळ्यात जे होणार आहे ते असे उन्हाळ्यातच कळते.

दर्प उरला असेल तर सातवी पायरी पुन्हा करा. आम्हाला एकूण ३ खेपा लागल्या. प्रत्येक खेपेस दर्प निश्चितपणे कमी झालेला जाणवला पाहिजे. दोन खेपांनंतर काहीच फरक नसेल तर पाचव्या पायरीकडे परत जा, कारण बहुधा मूळ जागा आखणीबाहेर राहिलेली असते.

९. हट्टी डागांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड

एंझाइमच्या खेपा संपल्यावर आणि कोबा पूर्ण वाळल्यावरच हा उपाय करावा. दोन्ही एकत्र वापरल्यास पेरॉक्साइड एंझाइमला नष्ट करते. औषधांच्या दुकानात सामान्यतः ६ टक्क्यांचे द्रावण मिळते. लेबल वाचून, त्यात तेवढेच पाणी मिसळून ते ३ टक्क्यांचे करा. लागेल तेवढेच बनवा आणि उरलेले मिश्रण झाकण घट्ट लावून ठेवू नका, कारण त्यातून ऑक्सिजन सुटून बाटली फुटू शकते. व्हिनेगरमध्ये ते मिसळू नये. त्यातून त्वचेला आणि श्वसनाला त्रासदायक आम्ल तयार होते.

डागावर ओतल्यावर बारीक फेस येतो. अर्ध्या तासाने टिपून घ्या आणि साध्या पाण्याने पुसा. तुमचा कोबा लाल किंवा हिरव्या रंगाचा असेल, तर आधी कपाटामागच्या कोपऱ्यात थेंब टाकून पाहा, कारण पेरॉक्साइडने रंग फिका पडतो. आमच्या खोलीत एक पांढुरका पट्टा कायमचा राहिला आहे.

१०. दर्प गेल्यानंतरच छिद्रे बंद करा

घरात पुढेही प्राणी राहणार असेल तर ही पायरी टाळू नये. सिमेंटला पाणीरोधक करणारी पातळ सिलेनवर्गीय द्रव्ये पाणी आत शिरू देत नाहीत, परंतु आतला वास अडवत नाहीत. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी लेप जाड पापुद्रा धरतो, म्हणून तो या कामाला अधिक योग्य आहे.

त्याआधी कोबा खरोखर कोरडा आहे का ते तपासा. १८ इंच लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून २४ तास ठेवा. खाली दव साचले किंवा कोब्याचा रंग गडद झाला, तर जमिनीतून ओल येत आहे. अशा कोब्यावर इपॉक्सी काही महिन्यांत फुगून सुटतो. जुन्या बैठ्या घरांत असे पुष्कळदा आढळते. तेव्हा इपॉक्सीचा हट्ट सोडून, दर्प असलेला कोब्याचा थर गवंड्याकडून काढून घेऊन नवा कोबा घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

कोरड्या कोब्याचा गुळगुळीतपणा यंत्राने किंवा जाड पॉलिशपेपरने मोडून घ्या, धुळीपासून बचाव करणारा मास्क लावा आणि सर्व धूळ उचलल्यावर लेपाचे २ हात द्या. कारागीर पृष्ठभाग खरखरीत करण्यासाठी ॲसिड वापरू लागला तर त्याला थांबवा, विशेषतः त्या जागी कधी काळी ब्लीच पडले असेल तर. लेप भिंतीवर चार-सहा इंच वर न्यावा, म्हणजे सांधा झाकला जातो. एका दिवसात त्यावर चालता येते, पण तो पूर्ण पक्का व्हायला साधारण ७ दिवस लागतात. तोवर प्राण्याला आत सोडू नका आणि सामान लावू नका.

आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. लेप दिलेला असो वा नसो, त्या महिन्यात खोली एक दिवस बंद ठेवून आठव्या पायरीतील परीक्षा पुन्हा घ्या. आम्ही गेल्या सप्टेंबरात ती घेतली, तेव्हा दाराच्या चौकटीपाशी अगदी हलका दर्प आला. फटीत सिरिंजने एकदा द्रावण भरल्यावर तोही गेला, आणि त्याच आठवड्यात आईची खाट त्या खोलीत लागली.